दलदलीतला बूट

2022 च्या मार्चमध्ये माझी भाची युक्रेनहून घरी आली, तेव्हा आईने तिला उंबऱ्याबाहेरच बूट काढायला लावले. काळे, घोट्याच्या वर येणारे, आतून लोकरीचं अस्तर असलेले बूट. त्यांच्यावरचा चिखल वाळून कडक झाला होता आणि उजव्या बुटाचा तळ पुढून सुटून आ वासून पडला होता. आई म्हणाली, "टाका ते उकिरड्यावर. पोरगी आली, भरून पावलो." आण्णांनी ते उचलले, अंगणातल्या नळाखाली धरले आणि अंगठ्याने चिखल काढत काढत शिलाईपर्यंत पोचले. "चामडं चांगलं हाय," ते म्हणाले, "दोरा कुजलाय नुसता."

आण्णा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरजवळच्या आमच्या गावात त्यांनी पन्नास वर्षं पायताणं शिवली. हात थरथरायला लागल्यापासून नवं काम घेत नाहीत, पण रापी, आरी, फर्मे सगळं माळ्यावरच्या पेटीत तेल लावून ठेवलेलं आहे. त्या संध्याकाळी ती पेटी खाली उतरली. आण्णा तळ उसवत बसले, भाची त्यांच्याशेजारी पाटावर बसली आणि पहिल्यांदाच सलग बोलायला लागली. आम्ही समोर बसून विचारलं असतं तर कदाचित बोलली नसती. आण्णांची मान खाली होती, नजर कामावर होती, म्हणून तिला सोपं गेलं असावं.

ती विनित्सिया शहरात डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. लढाई सुरू झाल्यावर चार-पाच रात्री हॉस्टेलच्या तळघरात काढल्या. बसची व्यवस्था त्यांच्यातलाच एक वरच्या वर्गातला मुलगा बघत होता. पैसे त्याच्याकडे, याद्या त्याच्याकडे, ड्रायव्हरांचे नंबर त्याच्याकडे. एका पहाटे तीन वाजता मुलींना जाग आली तेव्हा तो जागेवर नव्हता. कुणीतरी म्हणालं, तो गेला. पाच मिनिटांत तळघरभर तेच, तो गेला, आपल्याला टाकून गेला. पोरापोरींनी हातात येईल ते घेतलं आणि अंधारात स्टेशनच्या दिशेने पळत सुटली. भाचीची पुस्तकांची बॅग तिथेच राहिली. पाच वाजता तिला त्याचा फोन आला. तो डिझेल शोधायला आणि ड्रायव्हरांना आणायला गेला होता. दोन बस घेऊन हॉस्टेलच्या दारात उभा होता आणि विचारत होता, "कुठे आहात तुम्ही सगळे?"

"मामा, तो गेलाच नव्हता," ती म्हणाली. "आणि 'तो गेला' असं पहिल्यांदा कोण म्हणालं, ते मला आठवतच नाही. सगळेच म्हणत होते. मीसुद्धा म्हणाले."

पुढे ती कशीबशी रोमानियाच्या सिरेत नाक्यापर्यंत पोचली. शेवटचे कित्येक किलोमीटर बर्फाच्या चिखलातून चालत. बुटांची ती दशा तिथे झाली. पण तिच्या मनाला टोचत होतं ते चालणं नव्हे. ज्या पोराने थांबून वाट बघितली, त्याला आपण पळपुटा म्हणालो, हे तिला टोचत होतं.

त्यानंतर मी विनित्सियाबद्दल वाचायला लागलो. ज्या गावात आपलं लेकरू अडीच वर्षं राहिलं, त्या गावाबद्दल आपल्याला काडीचीही माहिती नाही याची लाज वाटली, एवढंच कारण. आणि वाचता वाचता मला इव्हान बोहुन भेटला.

बोहुन हा विनित्सियाचा कोसॅक कर्नल. कोसॅक म्हणजे युक्रेनच्या सीमेवरचे लढवय्ये. हा मुलूख तेव्हा पोलंडच्या राजाच्या अमलाखाली होता आणि कोसॅकांनी त्याच्याविरुद्ध बंड केलं होतं. 1651 च्या मार्चमध्ये पोलिश फौज या शहरावर चालून आली तेव्हा त्याने दक्षिण बूग नदीच्या गोठलेल्या पात्रात बर्फाला मोठमोठी भोकं पाडून घेतली. त्यांच्यावर रात्रीतून बर्फाचा पातळ पापुद्रा धरला, त्यावर गवताचा पेंढा पसरला. मग त्याचे स्वार बाहेर पडले आणि घाबरून पळाल्यासारखे नदीच्या दिशेने मागे फिरले. आपल्या वाटा त्यांना ठाऊक होत्या. पाठलाग करणारे पोलिश घोडेस्वार चिलखतासकट पाण्यात गेले. त्यांचा सरदार स्तानिस्वाव लान्त्स्कोरोन्स्की कसाबसा जिवानिशी वाचला. हे नाव लक्षात ठेवा, तीन-चार महिन्यांनी दुसऱ्या एका पाण्याकाठी हे दोघे पुन्हा समोरासमोर येणार आहेत.

तो दुसरा काठ म्हणजे प्ल्याशिव्का नदीचा. बेरेस्तेच्को हे स्तिर नदीवरचं व्होलिन प्रांतातलं छोटं गाव, आणि प्ल्याशिव्का ही स्तिरला मिळणारी एक लहान, संथ, दोन्ही अंगांना दलदल घेऊन वाहणारी नदी. 1651 च्या जूनअखेर इथे जी लढाई झाली ती सतराव्या शतकातल्या युरोपातल्या सगळ्यात मोठ्या लढायांमध्ये गणली जाते. दोन्ही बाजूंची माणसं एकत्र धरली तर लाखाच्या वर जातात. एका बाजूला पोलंडचा राजा यान काझिमिएझ, त्याचे भाडोत्री जर्मन पायदळ आणि मुलुखभरातून जमा झालेले जमीनदार सरदार. दुसऱ्या बाजूला हेटमन, म्हणजे कोसॅकांचा सरसेनापती, बोहदान ख्मेल्नित्स्की याचे कोसॅक, त्यांच्यामागे आलेले हजारो शेतकरी, आणि दोस्त म्हणून आलेला क्रिमियाचा खान इस्लाम गिराय आपल्या तातार घोडदळासह.

या बंडाची सुरुवात थोडक्यात सांगतो. ख्मेल्नित्स्कीची सुबोतिव नावाची वाडी होती. चाप्लिन्स्की नावाच्या एका पोलिश अधिकाऱ्याने 1647 मध्ये ती बळकावली. दरबारात दाद मागून काही मिळालं नाही, तेव्हा तो नीपर नदीच्या खालच्या अंगाला कोसॅकांच्या सिच नावाच्या तळावर गेला आणि 1648 मध्ये उठाव झाला. झोव्ती वोदी, कोर्सुन, पिल्याव्त्सी असे एकामागोमाग एक विजय. एका माणसाच्या जमिनीचं भांडण होतं, पण त्याच्यामागे सगळा मुलूख उठला, कारण प्रत्येकाच्या पाठीवर वेठ होती. जमीनदाराच्या शेतावर आठवड्यातले कित्येक दिवस फुकट राबायचं, गिरणीचा कर, मद्याचा कर, आणि वर आपल्या ऑर्थोडॉक्स देवळांची गळचेपी. हातातला नांगर सोडून माणसं निघाली. ज्याच्याकडे बंदूक नव्हती त्याने गवत कापायच्या लांब दांड्याच्या विळ्याचं पातं सरळ करून घेतलं आणि त्याचा भाला केला.

याच माणसांनी 1648 च्या उन्हाळ्यात नेमिरिव आणि तुल्चिन या गावांत ज्यू कुटुंबं कापून काढली, आणि फक्त त्या दोन गावांतच नाही. ज्यू लोक जमीनदारांकडून करवसुलीचे मक्ते घेत, म्हणून शेतकऱ्याला जमीनदाराचा चेहरा सहसा दिसायचाच नाही, मक्तेदाराचा दिसायचा. पण मारले गेले ते मक्तेदारच होते असं नाही. शिंपी होते, विधवा होत्या, पाळण्यातली पोरं होती. नातान हानोव्हर नावाच्या एका ज्यू धर्मपंडिताने, जो स्वतः जीव घेऊन पळाला होता, 1653 मध्ये व्हेनिसमध्ये या कत्तलींची बखर छापली. बेरेस्तेच्कोच्या दलदलीत बुडालेल्यांबद्दल मला आतून दुःख होतं. पण त्या हातांतले काही हात तीन वर्षांपूर्वी नेमिरिवमध्येही असतील, हे विसरून केलेलं दुःख मला खोटं वाटतं. म्हणून पुढे जाण्याआधी हे इथेच सांगितलं.

लढाईचे पहिले दोन दिवस घोडदळाच्या चकमकींचे. दुसऱ्या दिवशी तातार आणि कोसॅकांचं पारडं जड झालं होतं, पण त्याच दिवशी तुगाय बेय पडला. तातारांमधला हा सरदार ख्मेल्नित्स्कीचा पहिल्या दिवसापासूनचा सोबती. खानाच्या मनात काय आहे हे ख्मेल्नित्स्कीला ज्याच्या तोंडून खरं कळायचं तो माणूस गेला. तिसऱ्या दिवशी, 30 जूनला, सकाळी दाट धुकं होतं. ते विरलं तेव्हा राजाने आपली फौज पश्चिमेकडच्या नव्या पद्धतीने, पायदळ-घोडदळाच्या पट्ट्या करून मांडलेली दिसली, मध्ये तोफा. दुपारनंतर येरेमी विश्न्योविएत्स्कीने कोसॅकांवर घोडदळ घातलं, आणि मधल्या तोफा तातारांच्या टेकडीकडे वळल्या. खानाच्या आसपास गोळे पडायला लागले आणि तातार फौज वळून चालती झाली. नुसती मागे सरली नाही, रणांगण सोडून गेली.

ख्मेल्नित्स्की त्याच्यामागे धावला, सोबत त्याचा चिटणीस इव्हान विहोव्स्की. खानाला परत फिरवायला गेला म्हणतात. खानाने त्याला धरून ठेवलं असंही म्हणतात. इतिहासकार आजही यावर भांडतात. काहीही असो, फौजेच्या दृष्टीने एकच गोष्ट खरी होती. संध्याकाळ झाली, दोस्त गेलेला आणि हेटमनही गेलेला.

इथून पुढचे दहा दिवस मला जास्त महत्त्वाचे वाटतात. लढाईच्या नकाशांवर ते एका बाणात संपतात.

कोसॅक मोडले नाहीत. त्यांची खरी ताकद घोड्यावर नव्हती, गाड्यांच्या कोटात होती. गाड्या ओळींनी लावायच्या, चाकाला चाक साखळीने जखडायचं, मध्ये माणसं, तोफा, बैल, दाणापाणी. असा हलता कोट करून ते लढता लढता मागे सरकले आणि प्ल्याशिव्काच्या काठी येऊन थांबले. तीन बाजूंना रातोरात मातीचे बांध घातले. चौथ्या बाजूला दलदल, तिथून शत्रू येऊच शकत नव्हता. तेव्हा ही जागा निवडणाऱ्याला सगळ्यांनी शहाणा म्हटलं असेल. दलदल पाठीशी होती तोवर ती तटबंदी होती.

कोटात कोण होतं ते बघायला हवं. मुरलेले कोसॅक होते, ज्यांची नावं राजाच्या नोंदवहीत होती किंवा असावीत अशी त्यांची मागणी होती. आणि त्यांच्या कैक पट शेतकरी होते, ज्यांचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं. आपल्याकडे फौजेमागून चालणाऱ्या माणसांना बुणगे म्हणतात. पानिपतामुळे तो शब्द आपल्या तोंडी बसला आहे आणि त्यात थोडी हेटाळणीही आहे. हे शेतकरी बुणगे नव्हते, ते लढायला आले होते. पण सरदारांच्या बोलण्यात त्यांना तीच किंमत होती असं मला वाटतं.

दोन वर्षांपूर्वी, 1649 च्या ऑगस्टमध्ये, झ्बोरिव इथे राजाशी तह झाला. तो खानाच्या दबावाखाली करावा लागला, कारण खानाने राजाशी परस्पर बोलणी जुळवली होती. त्या तहाने 40,000 कोसॅकांची नोंद मान्य झाली. त्यांना हक्क मिळाले, जमिनी मिळाल्या. आणि बाकीच्यांनी काय करायचं? घरी जायचं आणि जमीनदार परत आला की पुन्हा वेठीला उभं राहायचं. ज्यांनी पिल्याव्त्सीला रक्त सांडलं त्यांना सांगण्यात आलं की तुम्ही पुन्हा कुळं. वर दोस्त तातारांनी परतीच्या वाटेवर युक्रेनच्याच गावांमधून माणसं धरली, बायका धरल्या, पोरं धरली. क्रिमियातल्या काफाच्या बंदरात गुलामांचा बाजार भरायचा. धरलेल्या माणसांना ते यासिर म्हणत. आपलं पोर यासिर म्हणून नेणाऱ्याला आपलाच हेटमन मित्र म्हणतो, हे ज्या बापाने बघितलं, तोसुद्धा 1651 मध्ये या कोटात विळा घेऊन उभा होता.

त्याहून जुनी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. कोसॅक वेढ्यात सापडले की सुटका होते ती पुढारी हवाली करून. 1596 मध्ये सोलोनित्सियाला नालिवाय्कोला त्याच्याच माणसांनी बांधून दिलं. तरी तहाची बोलणी चालू असताना पोलिश सैन्याने बायकापोरांसकट छावणी कापली. 1637 मध्ये कुमेय्कीच्या पराभवानंतर बोरोवित्सियाला पाव्ल्युकला हवाली केलं. जिवाला धक्का लागणार नाही असा शब्द दिला होता, पण पुढच्या वर्षी वॉर्सामध्ये त्याचं डोकं मारलं. बोरोवित्सियाच्या त्या शरणागतीच्या कागदावर फौजेचा लेखनिक म्हणून सही कुणाची आहे? बोहदान ख्मेल्नित्स्कीची. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. चौदा वर्षांपूर्वी ज्या हाताने लिहून दिलं की आम्ही आमचा पुढारी दिला, त्याच माणसाला आता हवाली करा असं राजा म्हणत होता. राजाच्या अटींत पहिली तीच होती. ख्मेल्नित्स्की आणि विहोव्स्की द्या, सरदार ओलीस ठेवा, तोफा आणि निशाणं खाली ठेवा. कोसॅक म्हणत होते, झ्बोरिवचा तह पाळा, मग बोलू.

बोलणी करायला गेलेल्या सरदारांपैकी क्रिसा नावाचा कर्नल परत आलाच नाही, राजाच्या छावणीत राहिला. कोटात फिलोन जालालीकडे नेतृत्व होतं, ते काढून घेतलं गेलं आणि शेवटी बोहुनकडे आलं. विनित्सियाचा बोहुन, बर्फाला भोकं पाडणारा. त्याने बसून मरायचं नाही असं ठरवलं. दलदलीतून वाट काढायची, पलीकडचा काठ मोकळा करायचा आणि सगळी फौज बाहेर न्यायची. पण पलीकडे एव्हाना पोलिश स्वार पोचले होते, आणि त्यांचा सरदार होता लान्त्स्कोरोन्स्की.

दलदलीवर वाट कशी बांधली असेल? दगड नाही, तोडायला पुरेसं लाकूड नाही. होतं ते सगळं आत टाकलं. गाड्या लोटल्या, तंबूचं कापड घातलं, खोगिरं, पिंपं, मेंढीच्या कातड्याचे कोट. ज्या गाड्यांच्या भिंतीआड जीव वाचला त्याच गाड्यांचा रस्ता केला. मी भाचीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तळघरात आम्ही दाराला लावलेल्या गाद्या काढून त्यांच्यावर झोपायचो, तसंच हे.

9 आणि 10 जुलैच्या मधल्या रात्री बोहुन सुमारे 2,000 स्वार घेऊन ती वाट ओलांडून गेला. शेतकऱ्यांना सांगितलं नव्हतं. का सांगितलं नाही? गुप्त राहावं म्हणून. गोंधळ होऊ नये म्हणून. आणि माझा अंदाज, सांगायची सवयच नव्हती म्हणून. झ्बोरिवला सांगितलं नव्हतं, खानाला बोलावताना सांगितलं नव्हतं, राजाकडे माणसं पाठवताना काय बोलणं झालं तेही पुरतं सांगितलं नव्हतं.

पहाटे कोटात जाग आली. बोहुन नाही, कर्नल नाहीत, घोडे नाहीत. कुणीतरी म्हणालं असेल, गेले. आपल्याला टाकून गेले.

मला ती पहाट दिसते ती विनित्सियाच्या तळघरात. पहिल्यांदा कोण म्हणालं ते कुणाला आठवत नसणार. आणि ती आवई इतक्या झटकन खरी का वाटली असेल? कारण ती याआधी खरी ठरलेली होती, एकदा नाही, अनेकदा. हजारो माणसं एकाच वेळी त्या अरुंद वाटेकडे धावली. गाड्यांचा आणि कापडाचा तो पूल तेवढ्या वजनासाठी नव्हता. तो खचला, माणसं चिखलात गेली, त्यांच्यावर दुसरी माणसं, त्यांच्यावर बैल. बोहुनला कळलं तेव्हा तो मागे फिरला, लोकांना थोपवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. पोलिश फौजेला आधी कळेना की कोटात काय चाललंय, हा डाव तर नसेल? मग ती आत घुसली.

ज्या माणसाने तीन-चार महिन्यांपूर्वी शत्रूला पाण्यात घातलं, त्याच्याच पाठीमागे त्याची माणसं पाण्यात गेली. आणि तो गेलाच नव्हता. तो पलीकडे वाट मोकळी करत होता.

पोलिश सैन्याच्या हाती छावणी लागली. तोफा, निशाणं, हेटमनचे कागद. कोरिंथचा ग्रीक धर्मगुरू योआसाफ, जो कोसॅकांना आशीर्वाद देत सोबत फिरत होता, तोही कोटात मारला गेला. अनुभवी कोसॅकांपैकी बरेचसे बोहुनबरोबर सुटले. दलदलीत राहिले ते मुख्यतः वहीत नाव नसलेले.

सुमारे 300 जणांची एक तुकडी दलदलीतल्या एका उंचवट्यावर अडकली आणि तिथेच उभी राहिली. पोलिश सेनापती पोतोत्स्कीने जीवदान देऊ केलं, तेव्हा त्यांनी कमरेचे पैसे काढून सगळ्यांसमोर पाण्यात फेकले आणि लढत राहिले. शेवटी एक उरला. त्याला एक होडी सापडली, हातात लांब दांड्याचा विळा. तीन तास तो होडीत उभा राहून लढला असं सांगतात. राजाने त्याचं धैर्य बघून जीव वाचवायची तयारी दाखवली, त्याने नाकारली. ही हकीकत कोसॅकांनी लिहिलेली नाही. पिअर शव्हालिए या फ्रेंच लेखकाने 1663 मध्ये छापली, ती पोलिश बाजूने आलेल्या वृत्तांतांवरून. त्या माणसाचं नाव त्यातही नाही.

पुढचं वेगाने घडलं. जिंकूनही पोलिश सरदारांना पुढे जायचं नव्हतं, कापणीचे दिवस होते, बहुतेक घरी गेले. विश्न्योविएत्स्की ऑगस्टमध्ये छावणीतच आजारी पडून वारला. लिथुआनियाच्या फौजेने कीव घेतलं. ख्मेल्नित्स्की सुटून आला, त्याने नवी फौज उभी केली, आणि सप्टेंबरअखेर बिला त्सेर्क्वाचा तह झाला. नोंद 40,000 वरून 20,000 वर आली. म्हणजे आणखी 20,000 माणसांना सांगण्यात आलं, तुम्ही पुन्हा कुळं.

1652 च्या जूनमध्ये बातिहला ख्मेल्नित्स्कीने पोलिश फौज घेरून बुडवली, आणि त्यानंतर कैद केलेल्या हजारो पोलिश सैनिकांची मुंडकी मारली गेली. बेरेस्तेच्कोचा सूड म्हणून. बेरेस्तेच्कोला राजाच्या तोफा सांभाळणारा प्शियेम्स्की त्यात गेला. मारेक सोबिएस्कीही गेला. त्याचा धाकटा भाऊ यान बेरेस्तेच्कोला जखमी होऊन वाचला होता, तो पुढे पोलंडचा राजा झाला. बातिहबद्दल अभिमानाने लिहिलेलं मी वाचलं आहे. मला तो अभिमान वाटून घेता आला नाही. हात बांधलेल्या माणसाला मारून दलदलीतलं एकही माणूस वर आलं नाही.

त्या जागेवर नंतर बऱ्याच जणांनी हक्क सांगितला. ज्या रशियन साम्राज्याने 1876 मध्ये युक्रेनी भाषेतल्या छपाईवर बंदी घातली, त्याच साम्राज्याच्या अमदानीत 1910 ते 1914 दरम्यान प्ल्याशेवा गावाशी सेंट जॉर्जचं मोठं देऊळ बांधलं गेलं, शेतात सापडलेली हाडं त्यात ठेवली गेली. जवळच्या ऑस्त्रिव गावातलं 1650 चं लाकडी देऊळ उचलून तिथे आणलं. कोसॅक हे आपल्याच धर्माचे आणि आपल्याच साम्राज्याचे, असं त्यांना सांगायचं होतं. मग तो भाग पोलंडमध्ये गेला, मग सोव्हिएत आले. तारास शेव्चेन्कोने मात्र 1848 मध्ये, हद्दपारीत असताना, या रणांगणावर एक छोटी कविता लिहिली. त्यात कुठल्या राजाचं नाव नाही, बोलतं ते शेत.

आणि 1970 च्या दशकात तिथे इहोर स्व्येश्निकोव्ह आला. ल्विवचा पुरातत्त्वज्ञ. पुढची वीसेक वर्षं तो दर उन्हाळ्यात त्या दलदलीत खणत राहिला. अशा ओल्या, काळ्या, कुजकट मातीत हवा शिरत नाही, म्हणून जे एरवी पाच-दहा वर्षांत नाहीसं होतं ते तिथे शतकानुशतकं राहतं. त्याला ती वाट सापडली. तिच्यावर आणि तिच्या कडेला शंभराच्या आसपास माणसं सापडली. बंदुका, तलवारी, कुऱ्हाडी तर होत्याच. पण लाकडी चमचे होते, चामड्याच्या पिशव्या होत्या, बटवे होते. आणि पायताणं होती. चामड्याचे बूट, चिखलाने ओढून घेतलेले.

सेनापतींचे कागद वाचून मला ही लढाई जेवढी कळली त्याहून जास्त त्या चमच्यामुळे कळली. पळताना माणूस चमचा घेतो. म्हणजे आपण आज रात्री कुठेतरी बसून जेवणार आहोत असं त्याला वाटत होतं.

मागच्या दिवाळीत भाची घरी आली होती. आता ती इथेच शिकते, तिचे ते काळे बूट अजून तिच्या पायात आहेत. आण्णांनी नवा तळ बसवला, मेण चोळलेल्या दोऱ्याने दुहेरी टाके घातले, आणि टाचेला आतून एक पातळ चामड्याचा तुकडा लावला, कारण ती उजव्या पायावर जरा जास्त भार देते हे त्यांनी झिजेवरून ओळखलं होतं. तिने त्या मुलाला पुढे फोन केला होता. माफी मागितली. तो म्हणाला, चूक माझी, मी एकाला तरी उठवून सांगून जायला हवं होतं.

मी फोनवर प्ल्याशेवाच्या उत्खननातल्या एका बुटाचा फोटो उघडला आणि आण्णांपुढे धरला. काय आहे, कुठला आहे, काहीच सांगितलं नाही. त्यांनी चष्मा पुसला, फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, ते भाचीने त्यांना शिकवलंय. बराच वेळ बघत राहिले. शिलाईच्या भोकांवरून स्क्रीनवरच बोट फिरवलं, एकेक भोक मोजल्यासारखं.

"पाण्यात होतं व्हय हे?"

"दलदलीत. तीनशेहून जास्त वर्षं."

"दोरा गेलाय. चामडं ऱ्हायलंय." ते थांबले. "पाय ओढून काढलेला दिसतोय. टाचंकडं बघ, कसं वळलंय."

भाची काही बोलली नाही. आण्णांनी फोटो डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला. पुढे-मागे दुसरेच फोटो होते, आमच्या घरचे, आकाशकंदिलाचे. ते परत त्या बुटावर आले आणि मला म्हणाले, "ह्याचा जोड कुठाय?"